मानसिक आरोग्याचं ॲप तिसऱ्या आठवड्यातही उघडलं जावं म्हणून

मोबाइलवर ॲप घ्यायला दोन मिनिटं लागतात, मेहनत लागते ती ते चालू ठेवायला. मानसिक आरोग्याच्या ९३ अँड्रॉइड ॲपांचा प्रत्यक्ष वापर मोजणारा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या मधोमधच्या ॲपची स्थिती अशी होती: शंभर जणांनी घेतलं, तर पंधराव्या दिवशी उघडणारे साधारण चार आणि तिसाव्या दिवशी तीन.

यावर ‘लोकांना चिकाटीच नाही’ असं म्हणणं सोपं आहे, पण ते चूक आहे. मन खचतं तेव्हा सगळ्यात आधी जाते ती उठून काही करण्याची उमेद, आणि ॲप नेमकी तीच मागतं. रोज उघडा, लिहा, ऐका, गुण द्या. पाय मुरगळलेल्या माणसाला ‘मलम माडीवर आहे, जाऊन घेऊन ये’ म्हणावं तसलाच हा प्रकार. म्हणून मलम खाली आणून ठेवायचं. ते कसं, हे इथे सांगितलं आहे. हे स्वतःसाठी वाचा किंवा घरातल्या कोणासाठी.

डोळ्यांसमोर इंदूरची मराठी घरं आहेत: रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्रनगर, सुदामानगर. घरात मराठी, शाळा-बाजार-ऑफिस हिंदीत आणि मोबाइल इंग्रजीत, अशी तीन भाषांची सवय इथे पिढ्यानपिढ्या आहे. ॲप सुटण्याचं एक मोठं कारण याच सवयीत दडलेलं आहे, त्यावर पुढे सविस्तर येतं.

ॲपच्या आवाक्यातलं दुखणं आहे ना, हे आधी बघा

अपुरी झोप, परीक्षेची धास्ती, सततची काळजी, सौम्य किंवा मध्यम उदासपणा, छातीतली धडधड: यात ॲपचा उपयोग होऊ शकतो. पण जीव देण्याचे विचार येत असतील, नसलेले आवाज ऐकू येत असतील, तीन-चार दिवस झोप नसूनही अंगात विलक्षण जोर असेल आणि पैसा उधळला जात असेल, खाणंपिणं सुटलं असेल, किंवा बाळंतपणानंतर आई बाळाकडे बघेनाशी झाली असेल, तर ॲप शोधण्यात एक दिवसही घालवू नका. एम. वाय. रुग्णालयाचा मनोविकार विभाग किंवा बाणगंगेचं मानसिक रुग्णालय गाठा. जीवाला तातडीचा धोका असेल तर ११२ किंवा १०८ लावा, आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.

याच्या अलीकडे, ‘दवाखान्यात जावं की नको’ असं वाटणाऱ्या टप्प्यासाठी केंद्र सरकारची टेली मानस सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ला ती सुरू झाली. क्रमांक १४४१६, दिवसरात्र चालू, फोनला पैसे पडत नाहीत, आणि तिच्या २० भाषांत मराठीही आहे. २०२४मध्ये तिचं मोबाइल ॲपही आलं. नंबर आत्ताच ‘मानस’ नावानं सेव्ह करून ठेवा. ऐन घाबरलेल्या क्षणी पाच आकडेही आठवत नाहीत.

एका वेळी एकच तक्रार

ध्यान, डायरी, झोपेच्या गोष्टी, मूड, पाणी पिण्याची आठवण असं सगळं एकाच छताखाली देणारं ॲप पहिल्या दिवशी फार आवडतं आणि पाचव्या दिवशी दमवतं. सध्या कोणती तक्रार जगणं अडवते आहे, ती एकच निवडा. झोपेची असेल तर ज्यात झोपेची नोंदवही आहे असं ॲप घ्या. उदासपणा असेल तर छोटी कामं ठरवून त्याआधीचा आणि नंतरचा मूड नोंदवता येईल असं. धडधड असेल तर श्वासाची लय दाखवणारं. श्वासाच्या ॲपसाठी पैसे मोजायची गरज नाही, ते घड्याळाच्या सेकंदकाट्यावरही जमतं.

श्वासाचाच विषय आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण बरेच जण इथेच ‘मला सूट होत नाही’ म्हणून सोडतात. ‘दीर्घ श्वास घ्या’ ऐकून माणूस छाती फुगवून जोरजोरात श्वास घेतो. दोन मिनिटांत बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं आणि घाबरणं वाढतं. जास्त हवा आत-बाहेर गेल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याचा हा परिणाम. श्वास मोठा करायचा नाही, संथ करायचा. नाकानं चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, मध्ये रोखून धरायचं नाही. म्हणजे मिनिटाला सहा आणि पाच मिनिटांत तीस श्वास. शेजारी बसलेल्याला आपला श्वास ऐकू येत असेल तर तो मोठा आहे असं समजा. आणि हे घाबरलेलं नसताना दोन आठवडे रोज करा. पोहणं शिकायचं तर पुरात उतरून शिकत नाहीत.

भाषा: वाचायची एक, मनातली दुसरी

इंदूरमध्ये वाढलेली मराठी माणसं घरात अस्सल मराठी बोलतात, पण शाळा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची झालेली असते. मराठी मजकूर वाचायला त्यांना वेळ लागतो. म्हणून ‘मराठी आहे ना, मग मराठीच लावा’ हा सल्ला प्रत्येकाला लागू पडत नाही. सत्तरीच्या आजींना मराठी अक्षरं मोठी करून दिली की पुरतं. त्यांची नात मात्र हिंदी किंवा इंग्रजीत जास्त वेगानं वाचते. तिला बळेच मराठीत ठेवलं तर ती दोन पानांत कंटाळेल.

वाचायची भाषा सोयीची घ्या. डायरीत लिहायची भाषा मात्र घरचीच ठेवा, कारण मनाला काय होतंय हे सांगायचे शब्द घरात शिकलेले असतात. हिंदी ॲप ‘अवसाद’ म्हणतं. तो शब्द वर्तमानपत्रात भेटतो, स्वयंपाकघरात नाही. मराठी भाषांतर ‘तुमची काळजी मोजा’ म्हणतं, आणि वाचणाऱ्याला कळत नाही की चिंता मोजायची की कुणी आपली किती काळजी घेतं ते. घरात आपण काय म्हणतो? जीव घाबराघुबरा होतो, हुरहुर लागते, रितं रितं वाटतं, अन्न गोड लागत नाही, डोक्यात चक्र चालू आहे. आणि कितीतरी घरांत नुसतंच ‘गॅस झालाय’ किंवा ‘बीपी लो झालंय’. बीपी मोजलं तर ते व्यवस्थित निघतं, पण त्रास खोटा नसतो. अशा माणसाला ‘एंग्झायटी’चं ॲप दाखवलं तर तो म्हणणार, हे माझ्यासाठी नाही. त्याला ‘छातीत धडधड होते त्यासाठी’ म्हणून दाखवा.

म्हणून पहिल्या दिवशी कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे ॲपमधला शब्द, उजवीकडे आपला. ‘लो मूड’ म्हणजे मन लागत नाही. ‘रेस्टलेस’ म्हणजे एका जागी बसवत नाही. ‘ओव्हरव्हेल्म्ड’ म्हणजे सगळं अंगावर आल्यासारखं वाटतं. दहा-बारा शब्द पुरतात. हा कागद मोबाइलच्या कव्हरमध्ये घडी करून ठेवता येतो. नोंद करताना दर वेळी मनात भाषांतर करावं लागणं हा छोटा त्रास वाटतो, पण रोज दहा वेळा झाला की माणूस ॲप उघडायचं टाळतो.

टाइप करायचा कंटाळा येत असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडा आणि माइकचं बटण दाबून बोला. बोलण्यात हिंदी शब्द आले तर चुकीचं उमटतं, ते दुरुस्त करत बसू नका. डायरी स्वतःसाठी आहे.

बसवून घ्यायचा तास

ॲप बसवायला रविवार सकाळचा एक पूर्ण तास काढा. पोहे-जिलेबी झाली की घरात तेवढी निवांत वेळ असते. शक्य असेल तर मोबाइल जाणणारा एक जण सोबत असू द्या, पण फोन ज्याचा आहे त्याच्याच हातात राहील.

आधी नंबर. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त घात इथेच होतो. बाबांच्या फोनवर ॲप, पण नोंदणी मुलाच्या नंबरवर, आणि मुलगा बेंगळुरूला. आठव्या दिवशी ॲप आपोआप लॉगआउट होतं, ओटीपी मुलाकडे जातो, तो मीटिंगमध्ये असतो, तासाभरानं कळवतो, तोवर ओटीपी संपलेला असतो. बाबा पुन्हा मागत नाहीत, कारण मुलाला त्रास द्यायचा नसतो. ॲप तिथेच संपतं आणि घरच्यांना वाटतं, बाबांनाच रस नाही. तेव्हा नोंदणी बाबांच्याच नंबरवर करा. बोटाच्या ठशानं उघडायची सोय असेल तर ती लावा आणि एकदा लॉगआउट करून त्यांनाच पुन्हा लॉगइन करायला लावा.

मग परवानग्या. श्वासाच्या ॲपला तुमचे संपर्क आणि ठिकाण कशाला हवं? नाकारा. नाकारल्यावर ॲप चालतच नसेल तर दुसरं बघा. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक ॲपच्या पानावर ‘डेटा सेफ्टी’ असा भाग असतो. तिथे माहिती दुसऱ्या कंपन्यांना दिली जाते का आणि खातं पुसायची सोय आहे का, या दोन ओळी वाचा. ही माहिती कंपनीच भरते, त्यामुळे ती शेवटचा शब्द नाही. २०२३मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं ऑनलाइन समुपदेशनाच्या एका मोठ्या कंपनीवर कारवाई केली. ग्राहकांची आरोग्याची माहिती जाहिरातींसाठी इतरांना दिल्याबद्दल तिला ७८ लाख डॉलर भरावे लागले. आपल्याकडे २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा दिलेली संमती मागे घ्यायचा हक्क मान्य करतो. पण एकदा बाहेर गेलेली माहिती परत येत नाही, म्हणून डायरीत दुसऱ्यांची पूर्ण नावं, ऑफिसचं नाव असलं काही लिहू नका. आद्याक्षर पुरतं.

नोटिफिकेशनचे दोन वेगवेगळे घोटाळे असतात. पहिला, ती येतच नाहीत. बॅटरी वाचवायला फोन मागे चालणारी ॲप बंद करतो. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या पानावर जाऊन बॅटरीच्या पर्यायात ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. काही फोनांत ‘ऑटोस्टार्ट’ नावाचं वेगळं बटण असतं, तेही चालू करा. दुसरा घोटाळा, ती नको तिथे येतात. टेबलावर ठेवलेल्या फोनवर सगळ्यांसमोर ‘आज उदास वाटतंय का?’ असं झळकलं की नव्या सुनेनं ते ॲप त्याच रात्री काढून टाकलेलं असतं. लॉक स्क्रीनवर मजकूर लपवण्याचा पर्याय नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये असतो. तो लावल्यावर दुसऱ्या फोनवरून एक मेसेज पाठवून खात्री करा. फोन घरात हातोहात फिरत असेल तर ॲप लॉकही लावा.

ऐकायच्या फिती घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. दहा मिनिटांची फीत साधारण १० एमबी घेते, पण रात्री अकराला नेटवर्क गोल गोल फिरत बसलं तर झोपेची वेळ निघून जाते. जागा नसेल तर आधी व्हॉट्सॲपचे शुभ सकाळचे व्हिडिओ काढा.

विनामूल्य चाचणीसाठी यूपीआय ऑटोपे मागत असेल तर मुदत संपायच्या दोन दिवस आधीचा गजर लगेच लावा. ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबत नाही. ती प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टिचकी मारून, पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्समध्ये जाऊन वेगळी बंद करावी लागते. पैसे कापले गेल्याच्या चिडीत लोक ॲपच नाही, तर उपचारांचा विचारही सोडतात.

शेवटी, रोजची सलग दिवसांची मोजणी, ज्वाळेचं चित्र वगैरे असेल तर बंद करा. एकविसाव्या दिवशी घरात श्राद्ध निघालं आणि आकडा शून्यावर आला, की आधीच स्वतःला दोष देणाऱ्या माणसाला दोष द्यायला आणखी एक कारण मिळतं. आठवड्यात चार दिवस झाले तरी उत्तम.

सोबती

या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. नुसतं ॲप आणि ज्यामागे एखादा माणूस आहे असं ॲप, यांत दुसरं जास्त टिकतं, हे अभ्यासांमधून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तो माणूस डॉक्टरच असावा असं नाही. आपल्याबद्दल आस्था असलेला कोणी ठरलेल्या वेळी विचारणार आहे, एवढं माहीत असणंच पुरेसं ठरतं.

निवड करताना थोडी काळजी घ्या. ज्याच्याशी वाद चालू आहे तो नको, मग तो नवरा असो वा सासूबाई. ज्याला सल्ले द्यायची सवय आहे तोही नको. इंदूरचं मराठी वर्तुळ मोठं दिसलं तरी फिरून फिरून तेच चेहरे भेटतात. आज मन मोकळं केलं आणि रविवारी सानंद संस्थेच्या नाटकाला मध्यंतरात तीच काकू समोर, असं होतं. म्हणून मावसबहीण, जुना सहकारी, पुण्याला गेलेली कॉलेजची मैत्रीण अशी थोडी लांबची व्यक्ती बरी पडते. फोनवर दहा मिनिटं, आठवड्यातून एकदा, ठरलेला वार.

सोबत्याला आधी तीन गोष्टी स्पष्ट सांगा. डायरी वाचायची नाही. उपाय सुचवायचे नाहीत. आणि ‘ॲप उघडलंस का?’ असं विचारायचं नाही, कारण ते गृहपाठ तपासल्यासारखं होतं. विचारायचे प्रश्न हे: ‘या आठवड्यात कोणत्या दिवशी जमलं?’ ‘जमलं नाही त्या दिवशी आड काय आलं?’ ‘पुढच्या आठवड्यात त्यातलं काय हलवता येईल?’ उत्तर ‘काहीच जमलं नाही’ असं आलं, तरी फोन दहा मिनिटं चालायलाच हवा. न जमलेल्या आठवड्यात तो बंद पडला तर पुढचा आठवडाही गेलाच समजा.

सोबत्यासाठी एक सूचना. बोलण्यात ‘मी नसलो तर बरं होईल’ असं काही आलं तर विषय बदलू नका. जीव द्यायचा विचार येतो का, असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही. उत्तर हो असेल तर फोन चालू ठेवून घरातल्या कोणाला तरी त्यांच्याजवळ पाठवा आणि १४४१६ लावा.

कधी उघडायचं

‘वेळ मिळेल तेव्हा’ म्हणजे कधीच नाही. रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या गोष्टीच्या शेपटीला ॲप बांधा: सकाळचा चहा गॅसवर चढवल्यावर, देवापुढे दिवा लावल्यावर, सिटी बसमध्ये जागा मिळाल्यावर. वाक्य पूर्ण लिहून काढा: ‘संध्याकाळचा दिवा लावला की तिथेच पाटावर बसून पाच मिनिटं श्वास.’ सवय २१ दिवसांत लागते असं ऐकून लोक २२व्या दिवशी निराश होतात. २०१०च्या एका अभ्यासात रोजची साधी गोष्ट आपसूक व्हायला लागलेला काळ सरासरी ६६ दिवसांच्या आसपास निघाला, आणि माणसागणिक तो १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. गणपती-दिवाळीच्या दिवसांत घडी विस्कटणारच. त्या दहा दिवसांसाठी आधीच छोटी मात्रा ठरवा: पाच मिनिटांऐवजी सहा श्वास.

भंवरकुआंच्या कोचिंगला जाणाऱ्या मुलांनी झोपण्याआधीची वेळ घेऊ नये. फोन हातात आला की ॲपनंतर रील्स सुरू होतात. दुपारी क्लास सुटल्यावर, खोलीवर पोहोचण्याआधी, ही वेळ बरी.

उदासपणात दिलेली कामं फार मोठी असतात म्हणून अडतात. ‘रोज अर्धा तास फिरणे’ हे निरोगी माणसाचं काम झालं. चपला घालून फाटकापर्यंत जाऊन येणं, इथून सुरुवात करा. आधी मूड शून्य ते दहात किती आणि नंतर किती, हे दोन आकडे लिहा. तीनाचे साडेतीन होतील. एवढाच फरक अपेक्षित आहे. मन झालं की करीन असं म्हटलं तर मन होत नाही, आधी थोडं करावं लागतं.

प्रश्नावली भरताना

बहुतेक ॲपांत उदासपणासाठी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी असते. प्रत्येक उत्तराला ० ते ३, एकूण २७. गुण भावनेच्या तीव्रतेला नाहीत, दिवसांना आहेत, हे लक्षात न आल्यानं आकडे चुकतात. ० म्हणजे अजिबात नाही, १ काही दिवस, २ निम्म्याहून जास्त दिवस, ३ जवळजवळ रोज. काळ मागच्या दोन आठवड्यांचा. त्यामुळे ती रोज भरण्यात अर्थ नाही, पंधरा दिवसांतून एकदा भरा.

आजींना पहिला प्रश्न वाचून दाखवा: कामात रस किंवा आनंद वाटला नाही असं किती दिवस झालं? आजी म्हणतील, ‘अगं, देवपूजा, स्वयंपाक, सगळं करतेच की मी.’ आणि तुम्ही शून्य लिहाल. थांबा. पुन्हा विचारा: ‘पूजा करताना पूर्वीसारखं प्रसन्न वाटतं, की उरकायची म्हणून उरकता?’ आजी क्षणभर गप्प होतील आणि म्हणतील, ‘उरकते गं. फुलं वाहताना लक्ष कुठे असतं.’ हे जवळजवळ रोज असेल तर तिथे ३ येतात. कर्तव्य चुकवायचं नाही अशा घडणीच्या माणसांत हा प्रश्न हमखास कमी गुण देतो. भूक आणि झोपेच्या प्रश्नांत कमी आणि जास्त दोन्ही एकत्र विचारलेलं असतं. दोन्हींतलं एक असलं तरी गुण द्यायचे.

५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ बऱ्यापैकी तीव्र, २० किंवा जास्त तीव्र. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांना दाखवा. हे निदान नाही, दाखवायला जायचं कारण आहे. डॉक्टर थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायला सांगतील तर ते टाळू नका, त्यांच्या कमतरतेतही असाच थकवा येतो. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याशिवाय काहीही आलं तर एकूण गुण किती हे न बघता त्याच दिवशी बोला. दोन नोंदींत पाच गुणांचा फरक पडला तर तो खरा बदल मानतात. एक-दोन गुण वर गेले म्हणून घाबरू नका. काळजी-घबराटीची अशीच यादी जीएडी-७, सात प्रश्न, २१ गुण, तिथेही १० ही दाखवायची पायरी.

आकडे वहीत तारखेसह लिहा. ॲप बंद पडली, कंपन्या बुडाल्या, तरी वही राहते.

दुसऱ्या आठवड्यात बिघडल्यासारखं वाटलं तर

झोपेची बरीच ॲप बिछान्यातला वेळ कमी करायला सांगतात. आठ तास पडून पाचच तास झोप लागत असेल, तर आधी साडेपाच-सहाच तास पडायचं, मग झोप सलग झाली की वेळ हळूहळू वाढवायची. पाच तासांच्या खाली कधीच जायचं नाही. पहिले दोन आठवडे दिवसा डोळे मिटतात, चिडचिड होते. हे आधी सांगितलेलं नसलं की लोक याच टप्प्यावर सोडतात, म्हणजे फायदा सुरू व्हायच्या अगदी उंबरठ्यावर. त्या दिवसांत गाडी चालवताना जपा आणि उठायची वेळ रविवारीही तीच ठेवा. मिरगी असेल, किंवा पूर्वी कधी अतिउत्साहाचे झटके येऊन गेले असतील, तर हा प्रयोग ॲपवर करू नका. झोप तुटल्यानं दोन्ही उफाळतात.

घरात बोलायला जागा

डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायची सोय असते, पण तीन खोल्यांत सहा माणसं असताना बोलायचं कुठे? अर्ध्या ‘हो’, ‘नाही’त पहिली भेट संपते आणि दुसरी ठरत नाही. गच्ची, उभी असलेली कार, मैत्रिणीची खोली यांतलं एक आधी ठरवा. माइकवाला इअरफोन घ्या, म्हणजे निदान समोरच्याचं बोलणं घरात ऐकू जात नाही. तेही नसेल तर सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगा, ‘घरात माणसं आहेत, मी हो-नाहीत उत्तर देईन,’ म्हणजे ते प्रश्न तसे विचारतात. चार्ज ५० टक्क्यांच्या वर, चालू औषधांच्या पट्ट्या समोर, वहीतले आकडे हाताशी. औषधांच्या चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असायलाच हवा, नसेल तर मागा. तुमच्या उपचारांची माहिती गुप्त राहणं हा २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं दिलेला हक्क आहे.

गप्पा मारणाऱ्या चॅटबॉटचं काय? रात्री दोन वाजता मन हलकं करायला काहींना तो बरा वाटतो. पण तुम्ही जे म्हणाल त्याला दुजोरा देत जायची त्याची प्रवृत्ती असते, आणि खचलेलं मन स्वतःबद्दल जे म्हणतं त्याला दुजोरा मिळणं धोक्याचं आहे. औषध कमी-जास्त करायचं त्याला विचारू नका. त्याच्याशी बोलणं वाढून सोबत्याचा फोन टळायला लागला तर ते थांबवायची वेळ झाली.

बंद करताना

बरं वाटायला लागलं म्हणून ॲप सुटलं तर ते अपयश नाही, ते त्यासाठीच होतं. फक्त नीट बंद करा. आधी वर्गणी रद्द, मग ॲपच्या आतून खातं आणि माहिती पुसायची विनंती, तिचा ईमेल जपून, आणि सगळ्यात शेवटी ॲप काढून टाकणं. उलट क्रमानं केलं तर माहिती त्यांच्याकडेच राहते. औषधं चालू असतील तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या बिघडण्याच्या पहिल्या तीन खुणा लिहून ठेवा, सोबत्याच्या मदतीनं. उदाहरणार्थ: पहाटे तीनला जाग, पेपरची घडी न उलगडता तशीच, मावशीचा फोन दोनदा न उचलणं. यातल्या दोन सलग आठवडाभर दिसल्या तर नवं ॲप शोधत बसू नका. सोबत्याला त्याच दिवशी कळवा आणि जिथे आपला जुना कागद आहे त्या डॉक्टरांची वेळ घ्या.